पिंपावरची बैठक

ऑपरेशन झालं मास्तरांच्या डोळ्याचं, आणि हाल सुरू झाले घरच्यांचे.

डॉक्टरांनी बजावलं होतं की महिनाभर वेल्डिंगच्या उजेडाकडे बघायचं नाही, धुरात जायचं नाही, खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि चिडायचं नाही. पहिल्या चार गोष्टी मास्तरांनी निमूट ऐकून घेतल्या. पाचवी ऐकून ते डॉक्टरांवरच चिडले. तेव्हापासून काळा चष्मा लावून ते दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि आपण आंधळे झालेलो नाही, फक्त विश्रांती घेतोय, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगत.

पुढे दुकान आणि मागे घर. मधल्या दाराला पडदा होता, पण कुलूप नव्हतं. त्यामुळे घरातली भांडणं दुकानात आणि दुकानातला धूर घरात, अशी देवाणघेवाण वर्षानुवर्षं चालू होती. मुलाने या धंद्याला लांबूनच नमस्कार केला होता. तो एका गोदामात हिशेब बघायचा. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचा आणि संध्याकाळी इस्त्री न मोडता परत यायचा, आणि हे काही काम केल्याचं लक्षण नव्हे असं मास्तरांचं मत होतं. धंद्यात उतरली ती सून. तिच्या माहेरी शिवणकाम चालायचं, त्यामुळे हात स्थिर आणि नजर बारीक. लग्नानंतर ती चहा द्यायला दुकानात यायची, मग चहा देऊन थांबायला लागली, आणि एक दिवस तिने मास्तरांच्या हातात कप दिला आणि त्यांच्या हातातली काळी काच काढून घेतली. चहा संपेपर्यंत अर्धी खिडकी जोडून झाली होती. तेव्हापासून फाटकं, जाळ्या, सायकलींच्या दांड्या, सगळं तीच करायची. फक्त बिडाचं काम सोडून.

बीड मास्तरांचं. सगळी गल्ली त्यांना बीडमास्तर म्हणायची ती उगाच नाही.

बीड म्हणजे ओतलेलं लोखंड, हे ज्याने जुना तवा हातातून पाडलाय त्याला सांगायला नको. साधं लोखंड वाकतं. बीड वाकत नाही, सरळ तडकतं. बरं, जोडायला जावं तर एकीकडे तापतं, दुसरीकडे थंडच राहतं, आणि या ओढाताणीत जोडाच्या शेजारीच नवी भेग पाडून मोकळं होतं. म्हणून आधी सगळा तुकडा तापवायचा. मग बोटभर जोडायचं, हातोडीने हलके हलके ठोकायचं, थांबायचं, पुन्हा बोटभर. काम झालं की तो तुकडा गरम राखेच्या पिंपात पुरायचा आणि विसरून जायचा. दिवस जातो, रात्र जाते, तो आपला आपण सावकाश निवतो. मधेच कोणी राख उकरली, वारा लागला, की आतून 'टिक' असा आवाज येतो. आवाज एवढासा, पण वेल्डरच्या काळजाला घरं पाडतो.

"बिडाला धीर लागतो," मास्तर सगळ्यांना सांगत. "तो माझ्याकडे आहे."

हे वाक्य ऐकलं की पडद्यामागे त्यांच्या बायकोला नेमका खोकला यायचा.

तर अशा महिन्यात, जेव्हा मास्तरांना काहीच करायची परवानगी नव्हती, समोरच्या बेकरीवाल्याचं पीठ मळायचं मशीन मोडलं. मशीन त्याच्या वडिलांच्या काळातलं. त्यात पिठातून गोल फिरणारा हातभर लांब बिडाचा दांडा होता, तो नेमका कोपरात तडकला. मशीन बनवणारे कधीच दुकान बंद करून गेले होते, त्यामुळे नवा दांडा मिळायची आशा नव्हती. बेकरीवाला आणि त्याचा भाऊ हातांनी पीठ मळून मळून टेकीला आले होते. निम्माच पाव निघत होता. दोन भट्ट्यांपैकी एक तर नुसती धुमसत ठेवली होती, विटा गार पडू नयेत म्हणून.

बेकरीवाला तो दांडा कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन आला.

"मास्तर, आता तुमच्याशिवाय कोण?"

मास्तरांची छाती फुगली. मग चष्म्याची आठवण झाली आणि पुन्हा खाली बसली. "महिना थांब," ते म्हणाले.

"महिना थांबलो तर गिऱ्हाईक दुसऱ्या बेकरीत जाईल. गेलेलं गिऱ्हाईक परत येतं का?"

"मी करते," मागून आवाज आला. सूनबाई ग्राइंडर बंद करून उभी होती.

मास्तर वळलेसुद्धा नाहीत. "सूनबाई, हे फाटक नव्हे."

"फाटक नाही ते दिसतंय, बाबा. माझे डोळे चांगले आहेत."

बेकरीवाल्याने हसू दाबायला दांड्याकडे बघितलं. पडद्यामागून मास्तरांच्या बायकोचा आवाज आला, "करू द्या हो तिला. नाहीतर महिनाभर शिळा पाव खायची तयारी ठेवा. दात तरी कुठे धड आहेत तुमचे."

डोळे झाले, दात झाले. आणखी काही निघायच्या आत मास्तरांनी हात वर केला. "ठीक आहे. कर. पण ऐका, बेकरीवाल्यासमोर सांगतो. जोड टिकला तर या दुकानातलं बीड आजपासून सूनबाईचं. आणि तडकला, तर पुन्हा बिडाचं नाव काढायचं नाही. फाटकं करायची, जाळ्या करायच्या."

"चालेल," सूनबाई म्हणाली. एवढ्या पटकन म्हणाली की मास्तरांना आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कळलं. तडकला तर दुकानाचं नाव जाणार. टिकला तर? मग या दारात काळा चष्मा लावून बसलेला म्हातारा कोण, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं? एवढं एकच काम होतं जे गल्लीत दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही आपल्याच हातांनी खणलेली. मास्तरांना त्या संध्याकाळी फार एकटं वाटलं.

सूनबाईने सरावाला म्हणून दुकानाबाहेरच्या बाकाचा बिडाचा पाय काढला. तो पाय कैक वर्षं तडकलेला होता. सगळ्या गल्लीचं बीड जोडणाऱ्या मास्तरांना स्वतःचा बाक जोडायला सवड मिळाली नव्हती, दिव्याखाली अंधार तो असा. आता बाकाचं एक टोक विटांवर टेकलं आणि मास्तरांच्या संध्याकाळच्या मित्रमंडळींना दुसऱ्या टोकाला एकमेकांच्या मांडीवर बसायची वेळ आली.

"पाय कुठे गेला?" मास्तरांनी विचारलं.

"शिकायला गेलाय," सूनबाई म्हणाली.

कामाचा दिवस उजाडला. मास्तर खुर्ची उलटी करून, दुकानाकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. डॉक्टरांनी बघायला मनाई केली होती, ऐकायला नाही. त्यामुळे त्या दिवशी त्यांचे कान असे टवकारले होते की पलीकडच्या गल्लीतलं कुजबुजणंही ऐकू यावं.

"भेग कुठवर गेलीय ते आधी शोध. रॉकेल लाव, पूस, वरून खडूची भुकटी—"

"लावली."

"काळी रेघ उमटेल. ती जिथे संपते—"

"तिथे भोक पाडायचं, म्हणजे भेग पुढे पळत नाही. पाडलं. दोन्ही टोकांना."

मास्तरांनी चष्मा नाकावर सारखा केला. मग म्हणाले, "विचारून पाडायचं."

भेग ग्राइंडरने खणून झाली. भट्टीचा पंखा घोंघावायला लागला. बेकरीच्या दांड्यात वर्षानुवर्षांचं लोणी-तूप मुरलेलं, ते जळायला लागल्यावर असा वास सुटला की रस्त्याने जाणारा एक माणूस थांबून आज काय भाजताय म्हणून विचारून गेला. मग सूनबाईने काच धरली आणि जोडायला सुरुवात केली. मागून येणारा आवाज मास्तर कण न् कण ऐकत होते. नीट चाललेलं वेल्डिंग कढईत भजी सोडल्यासारखं एकसारखं वाजतं. हे तसंच वाजत होतं.

"पुरे. थांब."

"थांबलेच आहे, बाबा."

"मग थांबलीस ते सांगायचं."

"तुम्ही बोलत होतात. मोठ्यांच्या मधे कसं बोलू?"

आणि मग हातोडी सुरू झाली. आधी कडेने, मग मधे, हलकी, लगबग न करता, शेवटचे दोन ठोके जरा थांबून. मास्तरांच्या हाताची बोटं आपोआप गुडघ्यावर वाजायला लागली, आणि ठोक्याला ठोका जुळला. हे त्यांचंच ठोकणं होतं. शेवटच्या दोन ठोक्यांचं त्यांनी कोणाला कधी शिकवलं नव्हतं, त्यांचं त्यांनाही ते माहीत नव्हतं. पोरीने नुसतं ऐकून उचललं होतं. त्यांना अभिमान वाटला, आणि हेवाही वाटला. दोन्हींतलं जास्त काय वाटलं ते त्यांना ठरवता येईना. म्हणून त्यांनी रस्त्यातल्या कुत्र्याला हाड केलं.

शेवटचा जोड चालू असतानाच बायको पडद्याबाहेर आली. "चला, डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली."

"आत्ताच? मघाशी तर घातलेस."

"घड्याळ मला कळतं. चला, आडवे व्हा. थेंब घातल्यावर डोळे उघडायचे नाहीत, माहीत आहे ना?"

मास्तर आत जाऊन आडवे झाले. डोळे मिटून पडले असताना बाहेर हातगाडीचं चाक कुरकुरलं.

"कोण गं?"

"कोणी नाही. डोळे मिटा."

"मिटलेलेच आहेत. कानांचं काय करू?"

"कानही मिटा."

ते परत दुकानात आले तेव्हा राखेच्या पिंपावर झाकण पडलं होतं आणि सूनबाई हात धूत होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत काजळी, त्यात दात तेवढे पांढरे.

"झालं?"

"झालं. राखेत आहे."

"उद्या सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही," मास्तरांनी दरडावलं. पडद्यामागे पुन्हा खोकला आला.

दुपारी जेवणं झाली. बायको आत लवंडली. सूनबाई रॉड आणायला बाजारात गेली. दुकानात दोघंच उरले, मास्तर आणि पिंप.

मास्तरांनी पिंपाकडे पाठ केली. मग त्यांना वाटलं, झाकण नीट बसलंय का ते तरी बघावं. बसलं होतं. मग वाटलं, पिंपाला हात लावून बघावा, ऊब सगळीकडे सारखी आहे की नाही. सारखी होती. इथे कोणीही शहाणा माणूस खुर्चीवर परत गेला असता. पण मास्तरांनी स्वतःला समजावलं की झाकण जरासं सरकवलं तर काही होत नाही, वरची राख तर नुसती पांघरुणासारखी असते. झाकण सरकलं. राख मऊ, राखाडी, एकदम बिनबोभाट दिसत होती. मग वाटलं, आता उघडलंच आहे तर एवढंसं उकरून बघू, तळहाताएवढं, फक्त कोपरा. जोड दिसला पाहिजे असंही नाही. नुसता अंदाज.

त्यांनी थापी घेतली आणि वाकले. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलेलं त्या क्षणी जगातली सगळ्यात दूरची गोष्ट होती. राखेखाली तापलेलं बीड लागलं. काळ्या चष्म्यातून काही धड दिसेना. पण दिसण्याची गरजच कुठे होती, मास्तरांचे डोळे म्हणजे त्यांचे कान. शेजारीच छोटी हातोडी होती. एकच ठोका, अगदी हलका, घंटेला बोट लावावं तेवढा. जोड धड असेल तर बीड गातं, एवढं ऐकलं की बस.

त्यांनी ठोका दिला. रस्त्यावरून वाऱ्याची एक झुळूक आत आली. आणि राखेतून आवाज आला, 'टिक.'

मास्तर तसेच वाकलेले राहिले. जन्मभर तो आवाज ऐकलेला, त्यात शंकेला जागाच नव्हती. त्यांनी राख पुन्हा लोटली, थापीने सारखी केली, झाकण ठेवलं, हातोडी होती तिथे ठेवली आणि खुर्चीवर येऊन बसले. पोरीचं काम आपण मोडलं, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं.

आणि मग, आता खरं सांगायचं तर, त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य आलं. कोणाला कळणार आहे?

सकाळी पिंप उघडेल, दांडा तडकलेला निघेल. आपण मान हलवायची आणि म्हणायचं, 'बीडच खराब होतं.' हे वाक्य मास्तरांनी आयुष्यात बरेचदा वापरलं होतं आणि दर वेळी लोकांनी माना डोलावल्या होत्या. सूनबाई फाटकांकडे परत जाईल. महिन्याने डोळा बरा होईल. बीड पुन्हा आपलं, खुर्ची आपली, नाव आपलं. काही करायचंसुद्धा नाही, फक्त तोंड बंद ठेवायचं.

संध्याकाळी बायकोने चहा दिला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"नाकाला काय लागलंय?"

"राख."

"कुठली राख?"

"दुकानातली. वेल्डरच्या नाकाला काय अत्तर लागणार?"

बायकोने सूनबाईकडे बघितलं. सूनबाईने कपात बघितलं. मास्तरांनी दोघींकडेही बघितलं नाही, कारण त्यांची हिंमत नव्हती.

जेवताना सूनबाईने ताट पुढे सरकवलं आणि सहज विचारलं, "बाबा, टिकेल ना हो जोड?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. "भूक नाही," म्हणून ते उठले. मुलाने विचारलं, बाबांना काय झालं? त्याची आई म्हणाली, "काही नाही, पचत नाहीये." रात्री मास्तर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले, आणि कूस बदलली की कानात हातोडीचे ते शेवटचे दोन ठोके वाजायचे, जरा थांबून मारलेले.

सकाळी चहाच्या आधीच सूनबाई थापी घेऊन पिंपाशी गेली. मास्तरांची बायको गुडघे धरत धरत पडद्याबाहेर येऊन उभी राहिली. एरवी ती इतक्या सकाळी दुकानात येत नसे, पण मास्तरांना ते लक्षात घ्यायला सवड नव्हती. ते पिंप आणि सून यांच्या मधे जाऊन उभे राहिले.

"उघडू नकोस. आधी ऐक."

"काय, बाबा?"

"आत तडकलेलं आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

मास्तरांनी चष्मा काढला. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते थेंबांचं नव्हतं. "मी उघडलं काल. तू बाजारात गेलीस तेव्हा. वरून हातोडीही मारली. टिक झालं, माझ्या कानांनी ऐकलं. तुझ्या कामात खोट नव्हती, मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलंय, इतकं चोख ठोकणं मला तुझ्या वयात जमत नव्हतं. बेकरीवाला आला की त्याला मीच सांगणार. जोड सुनेने केला, मोडला मी. बीड खराब नव्हतं, मी खराब होतो. आणि ठरल्याप्रमाणे बीड आजपासून तुझं."

एवढं एका दमात बोलून त्यांना धाप लागली.

"मास्तर," दारातून आवाज आला. बेकरीवाला कधीचा येऊन उभा होता. त्याच्या खांद्यावर पिठाचं पोतं होतं, आणि पोत्यातून एक लांबट काहीतरी बाहेर आलं होतं. "तुम्ही म्हणताय ते खरंच असेल. पण मग हे काय आहे?"

त्याने पोतं टेबलावर ठेवून सोडलं. आत दांडा होता, अख्खा. कोपरात वेल्डिंगची उजळ रेघ, तिच्यावर हातोडीचे बारीक ठसे, आणि सगळीकडे पिठाची भुकटी.

मास्तरांनी आधी दांड्याकडे बघितलं, मग पिंपाकडे, मग पुन्हा दांड्याकडे. हळूच हातोडी उचलली आणि एक ठोका दिला. दांडा गायला. आवाज टेबलावरून उठला आणि पत्र्यापर्यंत गेला. त्यांनी पुन्हा ठोका दिला, ऐकायचं म्हणून नाही, नुसतं बरं वाटलं म्हणून.

"बेकरीच्या दुसऱ्या भट्टीत निवला रात्रभर," सूनबाई म्हणाली. "तुम्ही थेंब घालून पडला होतात तेव्हा हातगाडीवरून नेला, राखेच्या पेटीत घालून. मी खोटं बोलले नाही, बाबा. राखेत आहे म्हणाले, राखेतच होता. राख कुठली ते तुम्ही विचारलं नाहीत."

"पण का?"

"तुम्ही पिंप उघडणार म्हणून," बायको म्हणाली. ती स्टूल ओढून बसली होती. "आता कान उघडा आणि ऐका. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. बीड राखेत गेलं की तुमच्या अंगाला मुंग्या लागतात. पहिल्या वर्षी किती कामं तडकली? दर वेळी बीडच खराब. जगात सगळं खराब बीड काय तुमच्याकडेच यायचं? म्हणून मग मीच पिंपावर बसायला लागले."

"तू पाठ शेकायला बसायचीस," मास्तर म्हणाले. "तुझी पाठ दुखायची. मी उशी आणून दिली होती."

"माझ्या पाठीला आजतागायत काही झालेलं नाही. तुमच्या पिंपावर बसून बसून गुडघे तेवढे गेले. किती मटार सोलले असतील तिथे, किती बटणं लावली असतील. ज्यावर ज्यावर मी बसले ते ते टिकलं. मी माहेरी गेले की तडकलं. आठवा बरं, तो पाण्याचा पंप, ते गिरणीचा पट्टा फिरवायचं चाक... आता बसवत नाही, म्हणून सूनबाईला म्हटलं, तू दुसरी सोय बघ."

मास्तर खुर्चीवर बसले. गल्ली ज्याला त्यांचा धीर म्हणायची तो इतकी वर्षं मटार सोलत बसला होता.

"एक सांगू का?" बायकोचा आवाज जरा खाली आला. "मी सूनबाईला म्हटलं होतं, पिंपात काहीतरी तापवून ठेव, म्हणजे हे त्यात रमतील आणि बेकरीकडे फिरकणार नाहीत. आणि सकाळी बघ, बीडच खराब होतं म्हणतील. ही म्हणाली, नाही आई, बाबा सांगतील. मी म्हटलं, पैज. मी यांना ओळखते." तिने पदराने नाक पुसलं. "हरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्यावरची पैज हरले, आणि इतकं बरं वाटलं, काय सांगू."

बेकरीवाल्याने दांडा पोत्यात घातला. दुसऱ्यांच्या घरचं असं काही चालू असताना कुठे बघावं हे त्याला कळत नव्हतं. "वहिनी," तो सूनबाईला म्हणाला, "दुपारी गरम पाव पाठवतो. मास्तरांना मऊ." आणि निघून गेला.

"बरं," मास्तरांनी घसा साफ केला, "मग मी तडकवलं ते काय?"

सूनबाईने झाकण काढलं, राख बाजूला केली आणि बाहेर काढला तो बाकाचा पाय. जुन्या भेगेवर तिच्या सरावाचा छान जोड होता आणि त्याच्या शेजारून नवीकोरी भेग गेली होती.

"मोडलात तुम्ही," ती म्हणाली. "जोडायचाही तुम्हीच."

"बीड तुझं झालं ना पण? मी शब्द दिलाय."

"बीड माझं. बाक तुमचा."

महिना संपला. डॉक्टरांनी डोळा तपासला, काच लावून काम करा म्हणाले, आणि जाता जाता पुन्हा चिडू नका म्हणाले. या वेळी मास्तर चिडले नाहीत. दरम्यान सूनबाईने एका शाळेच्या घंटेचा दांडा जोडला होता आणि एक शेगडी. लोक आता बीड घेऊन आले की मास्तरांना नमस्कार करून सरळ आत जायचे. पहिल्यांदा ते लागलं त्यांना, नाही असं नाही. मग ते जाणाऱ्याला मागून ओरडून सांगायला लागले, "निवायला ठेवलं की विसरून जा. तिला धीर आहे."

बाकाचा पाय त्यांनी स्वतः घेतला. भट्टीत तापवला, बोटभर जोडला, ठोकला, थांबले, पुन्हा बोटभर. सूनबाई दारातल्या खुर्चीवर उलटी बसून ऐकत होती. तिने मधेच "पुरे, थांबा" म्हटलं तेव्हा ते थांबलेलेच होते. काम झाल्यावर त्यांनी पाय राखेत पुरला, झाकण ठेवलं आणि हात धुवायला मागे गेले.

हात पुसत पुढे येतात तो पिंपाच्या झाकणावर एक जुनी उशी होती, उशीवर सूनबाई बसली होती, आणि तिच्या मांडीवर सोलायच्या मटारांनी भरलेलं सूप.

मास्तर जवळून एकदा गेले. मग दुसऱ्यांदा गेले, खिळे शोधायच्या निमित्ताने. तिसऱ्यांदा येताना त्यांच्या हातात चहाचा कप होता.

"चहा घे. आत जाऊन जरा निवांत पी."

"इथेच द्या, बाबा."

त्यांनी कप दिला आणि तिथेच घुटमळले. पडद्यामागे खोकला आला.

"पाठ दुखतेय का गं?" त्यांनी विचारलं.

"फार," सूनबाई म्हणाली, आणि उशी सारखी करून आणखी आरामात बसली.